दोनदा दाबलेलं बटण

टॉवरवरच्या बाईंना अख्खा विमानतळ 'परतसांगा' म्हणायचा. तोंडावर नाही हं! तोंडावर सगळे 'बाई, बाई' करायचे. पण बाई जिना चढून वर गेल्या की खाली चहा पीत बसलेले हमाल एकमेकांना डोळा घालून म्हणायचे, "आली परतसांगा. आता वैमानिकांची शाळा भरणार."

आणि भरायचीच. विमानांना थांबा, या, जा, उतरा असं सांगणाऱ्या माणसांचा एक साधा नियम असतो. वरून जे सांगितलं ते वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. कुठलं विमान, कुठं थांबणार, सगळं. वरच्यानं ते कान देऊन ऐकायचं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथं सुधारायचं. नुसतं 'बरं' म्हणून भागत नाही. आता नियम असला तरी माणसं ती माणसंच. बाकीचे नियंत्रक गर्दीच्या वेळी थोडं पुढंमागं चालवून घ्यायचे. बाई? नाव सोडा! "बरं म्हणजे काय? परत सांगा." समोर मोठ्या विमानाचा केस पिकलेला कप्तान असो नाहीतर पहिल्यांदाच एकटा उडणारा कुणी नवखा असो, बाईंच्या तोफेपासून सुटका नाही.

हा रोग त्यांनी घरीही नेला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या म्हणायच्या, "अर्धा किलो साखर, सहा अंडी आणि साबण, निळा."

दुकानदार म्हणायचा, "हो."

"हो काय? काय सांगितलं मी?"

"अहो बाई, साखर घ्यायचीय ना तुम्हाला? का साखरेवर विमान उतरवायचंय?"

दुकानातली माणसं हसायची. बाईही हसायच्या, पण साबण निळा आहे ना हे बघितल्याशिवाय पैसे काढायच्या नाहीत.

राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली धुलाईवाल्याचं अंगण दिसायचं, त्यात दिवसभर परक्या माणसांच्या चादरी वाळत असायच्या. आई होती तोवर घरात तोंडाला तोंड होतं. आई तर बाईंच्या वरचढ! "जेवायला ये" म्हटल्यावर बाई "आले" म्हणाल्या, तर "आले काय, ताटं घेतलीस का?" असं विचारणारी. एका हिवाळ्यात आई गेली. भाऊ परगावी, त्याचा संसार, त्याची नोकरी. भाची लहानपणी 'आत्या, आत्या' करत गळ्यात पडायची, ती आता मोठी झाली होती, मैत्रिणींत रमली होती. त्यात वाईट काहीच नाही, जगाची रीतच आहे. पण सुटीचे दिवस लागून आले की बाईंच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही. कुणाशी बोलणार? भिंतीशी? सुटीनंतर कामावर जाऊन माइकवर पहिलं वाक्य बोलायच्या तेव्हा आवाज असा खरखरीत यायचा की स्वतःच दचकायच्या.

तर अशा या बाईंनी सगळ्या आकाशात एकाच माणसाला सूट दिली होती.

तो टपालाचं विमान चालवायचा. पिवळ्या नाकाचं, जुनं, दोन पंख्यांचं विमान. रोज दुपारी यायचं, पोती उतरवायचं, नवी पोती भरायचं आणि परत जायचं. टपालाची शेड धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. तो विमानातून क्वचितच उतरायचा आणि बाई टॉवरवरून क्वचितच. त्यामुळं तोंडओळख नव्हती. नुसता टपालवाला.

आई गेल्यावर बाई कामावर रुजू झाल्या त्या दिवसाची गोष्ट. दुपारी टपालाच्या विमानाला त्यांनी निघायची परवानगी दिली, आणि देता देता आवाज चिरकला. माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा परत म्हणून दाखवेल, मग आपल्याला पुन्हा बोलावं लागेल, पुन्हा आवाज फुटेल, असं मनात येतंय तोवर कानात नुसतं 'टक्-टक्' वाजलं. वैमानिकानं बोलायचं बटण दोनदा दाबून सोडलं होतं. वैमानिकांची ती खूण असते. 'ऐकलं हो, कळलं' अशी. नियमात बसत नाही, पण हात गुंतलेले असले की करतात कुणी कुणी.

बाईंचं 'परत सांगा' ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. कुणीतरी पाठीवर दोनदा थोपटावं तसं त्यांना वाटलं. एवढ्या सगळ्या लोकांत एका माणसाला आपला आवाज फुटलेला कळला, आणि आपल्याला बोलावं लागू नये म्हणून तो गप्प राहिला. किती समजूतदार असावा एखाद्यानं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्-टक्. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. बाईंनी त्याला कधी टोकलं नाही. उलट दुपारची पाळी मिळावी म्हणून त्या सहकाऱ्यांना आपल्या सकाळच्या पाळ्या देऊन टाकायच्या. सहकारी म्हणायचे, "बाईंना झोप प्यारी." म्हणेनात का! आईला जाऊन किती वर्षं झाली, तरी दुपारचं ते टक्-टक् ऐकलं की बाईंचा दिवस कारणी लागायचा. त्या मनातल्या मनात त्याला बघायच्या. उंच असेल, सडसडीत असेल, कमी बोलणारा. कदाचित एकटाच असेल. एकट्या माणसालाच एकट्याचं कळतं, असं काहीबाही.

एकदा तर भाचीला पाठवायचं पार्सल घेऊन त्या टपालाच्या शेडकडे निघाल्या. घराजवळ टपाल कचेरी होती, तिथं कुत्रं फिरकत नाही इतकी मोकळी; पण नाही, यांना शेडच गाठायची होती. पिवळं नाक दिसेपर्यंत गेल्या. मग मनात आलं, जाऊन म्हणणार काय? 'मी ती वरची' असं? पार्सल छातीशी धरून तशाच मागं वळल्या.

आता ज्या दिवशी सगळं फिसकटलं, त्या दिवसाकडे येऊ.

दुपार होती, हवा धुरकट. टपालाचं विमान पोती भरून धावपट्टीकडे येत होतं. बाईंनी त्याला सांगितलं, "धावपट्टीवर आत येऊन उभे राहा." टक्-टक् आलं. दूर तळ्याच्या अंगाला शेतांवर औषध फवारणारं एक छोटं विमान होतं, त्याला उतरायचं होतं. बाईंनी त्याला सांगितलं, "तिथंच घिरट्या घालत राहा, उतरायला वेळ आहे." त्याचं उत्तर यायच्या आतच बाईंची नजर दुसरीकडे गेली. उतरायला येणारं प्रवासी विमान मागच्या वाऱ्यानं अपेक्षेपेक्षा लवकर येत होतं. टपालवाल्याला आत घेऊन वर उडवून द्यायला आता सवड नव्हती.

"टपाल, आत येऊ नका. धावपट्टीच्या अलीकडेच थांबा."

टक्-टक्.

बाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात हवामानाच्या खोलीतून फोन आला, तो घ्यायला त्या वळल्या. फोन ठेवून बघतात तर पिवळं नाक धावपट्टीच्या मधोमध! "वर जा! वर जा!" असं त्या प्रवासी विमानाला ओरडल्या, पण त्याच्या कप्तानानं आधीच बघितलं होतं. विमान कण्हत, थरथरत वर उठलं आणि पिवळ्या विमानाच्या डोक्यावरून निघून गेलं. टॉवरच्या काचा खणखणल्या. कुणाला खरचटलंही नाही. पुन्हा एक फेरी मारून विमान सुखरूप उतरलं, माणसं आपापल्या पेट्या घेऊन घरी गेली. बाई मात्र खुर्चीवरून उठू शकल्या नाहीत. बदली नियंत्रकानं हातातला माइक काढून घेतला, तेव्हा कुठं त्यांना कळलं की आपण तो तोवर घट्ट धरूनच ठेवला होता.

झालं काय होतं? ते दुसरं टक्-टक् टपालवाल्याचं नव्हतंच. ते फवारणीवाल्याचं होतं. घिरट्या घालायच्या हुकमाला त्यानं वळण पुरं करून, उशिरा दिलेलं उत्तर. ते नेमकं येऊन पडलं टपालवाल्याच्या जागी. बोलून उत्तर आलं असतं तर आवाजावरून कळलं असतं, विमानाच्या नावावरून कळलं असतं. बटणाला ना आवाज ना नाव. आणि टपालवाला त्या क्षणी दुसऱ्या रेडिओवर टपाल कचेरीशी भांडत होता, एक पोतं राहिलं म्हणून. 'थांबा' त्याच्या कानावर पडलंच नाही. त्याच्या लेखी पहिलीच परवानगी खरी, तो निवांत आत येऊन उभा राहिला.

बाईंना माइकपासून दूर ठेवलं आणि चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी टॉवरच्या साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं, दार लोटलं. साहेब वाईट माणूस नव्हता, आपलं घर आपण सावरावं असं वाटणारा होता. म्हणाले, "बाई, हे बघा. उद्या एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. टपालवाल्याला बटणाची सवय होती का, आणि होती तर तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणायचं, होती, मी त्याला सतरांदा टोकलं, तो ऐकेना. बस्स. तुम्हाला ताकीद मिळेल आणि पुढच्या आठवड्यात माइकवर. कोण म्हणेल की परतसांगानं—" साहेबांनी जीभ चावली. "म्हणजे, तुमचा लौकिकच असा आहे."

"आणि त्याचं काय होईल?"

"त्याचं तो बघेल. तुम्ही स्वतःचं बघा. माइक गेला तर हवामानाच्या खोलीत टाकतील तुम्हाला. दिवसभर आकडे टिपायचे, बोलायला चिटपाखरू नाही. जमेल?"

बाईंना रात्री घास गेला नाही. जमणार नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात बोलायला कुणी नाही, कामावरही कुणी नसलं तर माणसानं जगायचं कशाच्या जोरावर? आणि साहेबांचं म्हणणं ऐकावं तर त्या भल्या माणसावर खापर फोडायचं, ज्यानं आजवर आपल्याला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. आता शब्दच बोलला नव्हता तर दुखावणार कसा, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही!

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यामागं मुख्य कचेरीतून आलेले तीन अधिकारी, पाण्याचा जग आणि टेप वाजवायचं यंत्र. भिंतीला लागून खुर्च्यांवर बाकीचे. बाईंनी खोलीत शिरल्या शिरल्या उंच, सडसडीत माणूस शोधला. असा एक होता, पण तो प्रवासी विमानाचा कप्तान निघाला. टपालवाल्याचं नाव पुकारलं तेव्हा उठला तो बुटका, गोल पोटाचा, टक्कल पडलेला माणूस. चेहरा हसरा, पण त्या दिवशी घामेजलेला. बाईंना स्वतःचाच राग आला. माणसाची उंची मोजायला आलोय का आपण?

टेप वाजली. टक्-टक्. मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "अशी बटणानं उत्तरं द्यायची तुम्हाला सवय होती?"

टपालवाल्यानं रुमालानं मान पुसली. "त्या दिवशीचं दुसरं माझं नाही साहेब. पण सवय होती, खोटं कशाला बोलू."

"का? तोंड नव्हतं?"

"तोंड होतं साहेब, पण ते भरलेलं असायचं." खोलीत खसखस पिकली. "म्हणजे असं, पोती भरून होईपर्यंत मला उसंत नसते. वर गेल्यावर दोन्ही हात कामात. मग शेडपासून धावपट्टीपर्यंत यायला जो वेळ लागतो ना, तेवढाच माझा जेवायचा. डबा मांडीवर, तोंडात घास. बोलायला गेलं तर ठसका लागतो. म्हणून आपलं बटण दाबायचं. बाकीच्या विमानतळांवर खेकसतात, इथं कुणी काही म्हणायचं नाही. मग मीही सोकावलो."

फवारणीवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मी यांचंच ऐकून शिकलो. म्हटलं, इथं चालतं वाटतं." पुन्हा हशा. साहेबही हसले.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची कानशिलं गरम झाली. घास! इतकी वर्षं आपण ज्याला जपलं तो कुणाच्या तरी तोंडातला घास होता. आई गेल्याच्या त्या दुपारीसुद्धा या गृहस्थाच्या मांडीवर डबाच असणार. आवाज फुटला काय, नाही फुटला काय, याला ऐकू तरी गेलं होतं का? त्या क्षणी बाईंना त्याचा इतका राग आला की विचारू नका. साहेबांनी पढवलेलं उत्तर जिभेवर आयतं येऊन बसलं. 'सतरांदा टोकलं, ऐकेना.' म्हटलं की सुटलो. तो गेला खड्ड्यात, डब्यासकट!

बाईंचं नाव पुकारलं. मधला अधिकारी जरा मवाळपणे म्हणाला, "बाई, तुमच्या शिस्तीबद्दल आम्ही ऐकून आहोत. या वैमानिकाला तुम्ही वेळोवेळी समज दिली असेलच?"

म्हणजे उत्तरही त्यानंच हातात दिलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. साहेबांनी मान हलवून खुणावलंसुद्धा.

बाईंनी टपालवाल्याकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता, आपली शिक्षा आली हे समजून. लबाड नव्हता बिचारा. त्यानं काही फसवलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं होतं, बाकीचं सगळं बाईंनी स्वतःच्या मनानं रचलं होतं. आणि त्या रचलेल्या गोष्टीपायी प्रवाशांनी भरलेलं विमान त्याच्या डोक्यावर आलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "एकदाही नाही."

"एकदाही? इतरांना तर तुम्ही—"

"इतरांना टोकायचे. यांना नाही."

"का?"

बाईंचा आवाज सुटीनंतर यायचा तसा खरखरीत आला. "मला बरं वाटायचं. मी एकटी असते. मला वाटायचं, ते मुद्दाम माझ्यासाठी आहे."

अधिकाऱ्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

निकाल त्याच दिवशी तोंडी कळला. टपालवाल्याला काही महिने घरी बसायचं होतं, मग परीक्षा देऊन पुन्हा उडता येणार होतं. बाईंचा माइक कायमचा गेला. दुसऱ्या दिवसापासून हवामानाची खोली. साहेब जिन्यात भेटले, म्हणाले, "बाई, हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात हो."

बाहेर त्या बस थांब्यावर उभ्या होत्या. टपालवाला जरा लांब घुटमळत होता. शेवटी आलाच जवळ. बाईंनीच विचारलं, "काय असायचं हो डब्यात?"

"कुणास ठाऊक," तो ओशाळं हसला. "बायको भरून देते. बघून कोण खातंय, आपण चावायचं."

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. चालवत होती ती त्याची बायको. काच खाली करून तिनं तिथूनच सुरुवात केली, "काय झालं? गेलं का लायसन? आणि सकाळचा डबा विसरलात घरी, काही खाल्लंत की नाही?" तो "हो, हो, सांगतो" म्हणत दार उघडून आत बसायला गेला, आणि एक पाय आत, एक पाय बाहेर असा थांबला.

"बाई," तो म्हणाला, "वर कुणी वाट बघतंय हे कळलं असतं ना, तर घास गिळून बोललो असतो हो मी. रोज बोललो असतो."

बाईंनी मान हलवली.

"चला, सोडू का तुम्हाला? कुठं राहता?"

"नको, नको. मी इथं जवळच राहते."

जवळ कसलं डोंबल! दोन बस बदलाव्या लागायच्या. पण त्या गाडीत मागं बसायचं, पुढं नवराबायकोचं बोलणं चालणार आणि आपण मुकाट ऐकत राहायचं, हे बाईंच्या जिवावर आलं. उद्यापासून जन्मभर मुकाटच बसायचं होतं. आजचा दिवस तरी त्यातून सुटू दे. गाडी निघून गेली. बस यायला वेळ होता, थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि बाई आधी हळू, मग चांगल्या हुंदके देऊन रडल्या.